न्यायालयांसाठीच्या ताण-व्यवस्थापन सेवा : कोणती घ्यावी, कोणती सोडावी

न्यायाधीश आणि कोर्टातल्या कर्मचाऱ्यांसाठी ताण-व्यवस्थापनाची सेवा घ्यायची म्हटले की पहिला प्रस्ताव येतो तो एका दिवसाच्या कार्यशाळेचा. सकाळी व्याख्यान, मग गटात खेळ, दुपारी ध्यान, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. आयोजनाला सोपी, अहवालात लिहायला बरी. उपयोगाच्या दृष्टीने मात्र आम्ही हिला सगळ्यांत खाली ठेवू. तिचा मजकूर मुळात कंपन्यांसाठी बेतलेला असतो. ‘काम वाटून द्या’, ‘नाही म्हणायला शिका’, ‘सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोला’ यांतला एकही सल्ला डायसवर, म्हणजे न्यायासनावर, चालत नाही. निकाल दुसऱ्याला लिहायला देता येत नाही, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, आलेले प्रकरण नाकारता येत नाही आणि चालू प्रकरणाबद्दल मोकळेपणाने बोलणे न्यायाधीशाच्या आचारनियमांतच बसत नाही.

व्याख्याता किती पाण्यात आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. इस्रायलमधल्या पॅरोल अर्जांवरचा 2011 चा अभ्यास तो हमखास दाखवतो : मधल्या सुट्टीनंतर लगेच सुमारे 65 टक्के अर्ज मंजूर, पुढची मधली सुट्टी जवळ येईपर्यंत मंजुरी जवळजवळ शून्यावर. यावरून ‘थकलेला न्यायाधीश नकारच देतो’ असे ठोकून दिले जाते. पण अर्जांचा क्रम यदृच्छ नव्हता, वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज सहसा सत्राच्या शेवटी येत, ही हरकत त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. ती न सांगता आलेख दाखवणाऱ्यासमोर पुराव्याचे वजन करण्यात आयुष्य घालवलेली माणसे बसलेली असतात. दुपारच्या सत्राला खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर दोष श्रोत्यांचा नाही.

कार्यशाळा घ्यायचीच असेल तर निदान बसण्याची रचना तपासा. ज्यांच्याकडे अपील जाते किंवा जे गोपनीय अहवाल लिहितात, ते वरिष्ठ त्याच गटात असतील तर कनिष्ठ न्यायाधीश ‘सगळे उत्तम चालले आहे’ याखेरीज काही बोलणार नाहीत. वकिलांना त्याच गटात बसवणे तर सरळ चूक. आठ-दहा जणांचा समपदस्थांचा गट, प्रकरणाचे नाव, पक्षकार आणि तपशील काढायचा नाही हा सुरुवातीलाच सांगितलेला नियम, आणि दर महिन्याला दीड तास. एवढे करणारी सेवा मिळाली तर ती एका दिवसाच्या थाटामाटापेक्षा पुष्कळ सरस.

श्वसनाची ॲप्स ही दुसरी लोकप्रिय वस्तू. यांत तथ्य आहे, पण ॲप उघडून डोळे मिटायची सोय कोर्टात नसते. अनेक ठिकाणी तर कॅमेरा चालू असतो. त्यामुळे एकच प्रकार शिकून ॲप काढून टाकावे. नाकाने 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, तीन मिनिटांत अठरा. डोळे उघडे, नजर कागदावर, उलटतपासणीतला साक्षीदार बदलेपर्यंतच्या वेळात होऊन जाते. चूक होते ती बहुतेक एकाच जागी : माणूस छाती भरून मोठे श्वास घेतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि ‘मला हे मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. श्वास लहान ठेवायचा, लांबवायचा तो उच्छ्वास. श्वास रोखून धरायला सांगणारे 4-4-4-4 चे चौकोनी श्वसन दम्याच्या किंवा घाबरण्याचे झटके येणाऱ्या माणसाला त्रासदायक ठरू शकते. तिथे रोखण्याचे टप्पे गाळावेत.

मनगटावरच्या घड्याळातला ‘ताणाचा आकडा’ मात्र खुशाल विसरावा. तो मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातल्या चढउतारावरून काढलेला अंदाज असतो. सतत बोलणे, ताप, अपुरी झोप यांनीही तो हलतो. शिवाय घड्याळ संस्थेने दिलेले असेल तर ती नोंद कोण पाहतो, हा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा आहे.

ज्या भागाकडे बहुतेक सेवा ढुंकूनही पाहत नाहीत, तो म्हणजे पुराव्यातली छायाचित्रे, ध्वनिफिती आणि साक्षी. याचा मार न्यायाधीशाइतकाच लघुलेखक आणि दुभाष्याला बसतो. लघुलेखक तोच भाग हेडफोन लावून पुन्हापुन्हा ऐकतो. दुभाष्याला पीडितेचे शब्द ‘मी’ म्हणूनच उच्चारावे लागतात, ‘ती म्हणते’ अशी आड घेता येत नाही. चांगल्या प्रशिक्षणात इथे हाताला धरून शिकवतात : आधी लेखी वर्णन वाचा, मग चित्र लहान खिडकीत आणि शक्य तिथे कृष्णधवल उघडा, चित्रफीत पहिल्यांदा आवाज बंद ठेवून पाहा, आवाज आवश्यक असेल तेवढ्याच भागापुरता लावा, दिवसाचे शेवटचे काम म्हणून असा पुरावा हाताळू नका. दुभाष्यांची पाळी साधारण अर्ध्या तासाने बदला, कारण त्यानंतर चुका वाढू लागतात. प्रस्तावात यातले काहीच नसेल, तर तो कोर्टासाठी लिहिलेला नाही.

भीषण साक्षीनंतर सगळ्यांना बसवून एकदाच ‘मन मोकळे करायला’ लावणारे सक्तीचे सत्र कोणी विकत असेल तर घेऊ नये. अशा एकवेळच्या सत्राने पुढचा आघातजन्य विकार टळतो असे संशोधनाच्या आढाव्यांत दिसलेले नाही. काहींच्या बाबतीत त्रास वाढल्याचेही आढळले. पाठपुरावा हवा, पण ऐच्छिक.

आमची पहिली पसंती गोपनीय समुपदेशनाच्या फोनसेवेला. करार मात्र नीट वाचावा. बिल नावानिशी येते की नुसत्या संख्येने? छोट्या न्यायालयात ‘या महिन्यात एका न्यायाधीशाने फोन केला’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून संख्या तिमाहीची आणि अनेक न्यायालयांची एकत्र हवी. समुपदेशकाकडे त्याच न्यायालयातला पक्षकार किंवा वकील येत असेल तर हितसंबंध कसे तपासणार? फोन संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उचलला जातो का? दिवसा न्यायाधीश मोकळा नसतो. गोपनीयता कोणत्या परिस्थितीत मोडली जाईल, जसे जिवाला धोका, हे पहिल्याच फोनवर सांगितले पाहिजे.

नाउरू या प्रशांत महासागरातल्या बेटावर 25 जुलै 2024 ला न्यायाधीशांच्या स्वास्थ्याविषयी झालेल्या जाहीरनाम्यात न्यायालयीन ताण हा दुबळेपणा नव्हे असे म्हटले आहे आणि स्वास्थ्याची जबाबदारी व्यक्तीवर तशीच संस्थेवरही टाकली आहे. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस न्यायालयीन स्वास्थ्यासाठी जाहीर केला. सेवा विकणारे यातली व्यक्तीची बाजू तेवढी उचलतात, कारण बोर्डावर रोज किती प्रकरणे लावायची हे त्यांच्या हातात नसते. म्हणून खरेदीची सही करणाऱ्या प्रशासनाने त्याच टिपणीत दोन गोष्टी लिहून टाकाव्यात : दर दीड तासाने दहा मिनिटांचा विराम, आणि लागोपाठ हिंसाचाराचे खटले चालवणाऱ्या पीठाला ठरावीक मुदतीनंतर वेगळ्या कामाची पाळी. या दोन ओळी नसतील तर फोनसेवेचा करार वर्षाऐवजी तीन महिन्यांचाच करावा आणि पहिल्या तिमाहीत ती किती जणांनी वापरली, हे पाहून पुढचे ठरवावे.