लॅबकॉर्पची एनएमआर लिपोप्रोफाइल: एलडीएल नॉर्मल आलं म्हणून निवांत बसलेल्यांनी नक्की वाचा

मी न्यू जर्सीत असतो, घरात बाबा आणि काका दोघांनाही डायबेटिस, त्यामुळे साध्या लिपिड प्रोफाइलवर (कोलेस्टेरॉलची नेहमीची रक्ततपासणी) माझा कधीच पूर्ण भरवसा बसला नाही. त्यातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याचदा थेट मोजलेलंच नसतं, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पूर्ण आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली चरबी) फक्त पाचवा भाग वजा करायचा असल्या फॉर्म्युल्याने काढतात, १९७२ चा फ्रीडवाल्डचा तो.

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) लिपोप्रोफाइल या रक्ताच्या टेस्टमध्ये कोलेस्टेरॉल किती यापेक्षा ते वाहून नेणारे कण किती, हे बघतात. सँपल मोठ्या चुंबकात घालतात, कणांमधल्या चरबीचे मिथाइल ग्रुप सिग्नल देतात आणि कणाच्या साइजप्रमाणे तो सिग्नल किंचित सरकतो. पण सगळे एकमेकांत मिसळून एकच उंचवटा दिसतो, मग कॉम्प्युटर स्टॅटिस्टिक्स लावून त्यात लहान किती मोठे किती ते वेगळं काढतो. पथक वाजत असताना नुसत्या आवाजावरून ढोल किती ताशे किती सांगावं तसं! नॉर्थ कॅरोलायनातल्या जेम्स ओटव्होस यांनी हे डेव्हलप केलं, त्यांची लिपोसायन्स कंपनी २०१४ मध्ये लॅबकॉर्प या मोठ्या अमेरिकन लॅब कंपनीने घेतली.

माझा रिपोर्ट: एलडीएल १०४, म्हणजे तसं ठीकच. पण एलडीएल-पी, म्हणजे कणांची संख्या, १७२० (१००० च्या खाली हवी, १६०० च्या वर हाय), त्यात बारीक कणच जास्त, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, आणि इन्सुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो प्रकार) स्कोअर ७८, तो ४५ पर्यंत बरा. आपल्या देशी लोकांमध्ये हा पॅटर्न खूप दिसतो, पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि एलडीएल मात्र दिसायला साधं. हा कागद बघून डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बसून भात, साखर, चालणं आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) यावर बोलणं केलं.

रिपोर्ट वाचायला सोपा, प्रत्येक आकड्याशेजारी रेंज दिलेली. रक्त उपाशीपोटी द्या. इन्शुरन्सला आधी फोन करून विचाराच, सगळे कव्हर करत नाहीत. तुम्हाला फक्त कणांचा अंदाज हवा असेल तर अपोबी करा, अपोबी हे कणावरचं प्रथिन, एका एलडीएल कणावर ते एकच असतं, आणि ती टेस्ट स्वस्तही पडते. साइज आणि इन्सुलिनचा स्कोअर पाहिजे असेल तरच एनएमआर. आणि लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच, वारशाने येणारा कण) यात येत नाही हं, घरात कमी वयात हार्ट अटॅक आले असतील तर त्याची टेस्ट त्याच वेळी वेगळी लिहून घ्या डॉक्टरांकडून.