पुण्यात वाईन शॉपमध्ये वाईन शोधताना: कोथरूडचं एक दुकान आणि कॅम्पातली एक परमिट रूम

मागच्या वर्षी मार्चमध्ये मैत्रिणीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी एका चकचकीत दुकानातून व्हाईट वाईन घेऊन गेले होते. काचेची दारं, एसी, लाकडी रॅक, प्रत्येक रॅकवर छोटे पिवळे दिवे, दारात "वेलकम मॅम" म्हणणारा मुलगा. घरी जाऊन बाटली उघडली, ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहासारखा आणि वास चिरून दोन तास ठेवलेल्या सफरचंदाचा. सगळ्यांनी एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले, मैत्रीण बिचारी "छान आहे गं" म्हणाली, आणि मला इतकं वाईट वाटलं ना, पैशाचं जाऊ दे पण तिच्यासाठी निवडून आणलेली गोष्ट होती ती. सगळी बेसिनमध्ये ओतल्यावर मागचं लेबल नीट वाचलं तर द्राक्षं चार वर्षांपूर्वीची. म्हणजे ती बाटली त्या सुंदर पिवळ्या दिव्याखाली उभीच्या उभी भाजत होती.

तेव्हापासून वर्षभर मी पुण्यात दुकानं आणि बार बघत हिंडले, काही एकटीने, काही नवऱ्याबरोबर, आणि आता दोन जागा अशा सापडल्यात की तिथे मी डोळे झाकून जाते. नावं सांगत नाही, कारण मला वाटतं प्रत्येकाने आपल्या घराजवळचं शोधावं, बाटलीसाठी कोणी हडपसरवरून कोथरूडला येऊ नये. ओळखायचं कसं ते मात्र सगळं सांगते.

आपल्याकडे वाईन शॉप म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. व्हिस्की, रम, बिअर, जाळीच्या मागे दोन पोरं, पुढे हात लांब केलेली गर्दी, "एक आरएस क्वार्टर, दोन केएफ स्ट्राँग, चिल्ड दे रे". वाईन असलीच तर सगळ्यात वरच्या फळीवर, कारण ती कमी खपते आणि खालची जागा खपणाऱ्या मालाला लागते. आणि दुकानात सगळ्यात जास्त उकाडा तिथेच वर, पत्र्याजवळ, ट्यूबलाइटच्या शेजारी. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तर त्या फळीवर काय होत असेल. व्हिस्कीला काही होत नाही, वाईन मरते. त्यात या दुकानांची नवीन लायसन्स महाराष्ट्रात कित्येक दशकं दिलेली नाहीत, त्यामुळे बरीचशी दुकानं जुनी, जागा तेवढीच, बापाकडून पोराकडे आलेली. म्हणून मला जुन्या दुकानांचा राग येत नाही, जागाच नाही तर करणार काय. पण जुन्या दुकानातही एखादा माणूस असा असतो ज्याला माल कळतो.

कोथरूडचं दुकान तसंच आहे. बाहेरून बघाल तर काहीच नाही, बोर्डावरचा रंग उडालेला, शेजारी पिठाची गिरणी, समोर टू-व्हीलर वेड्यावाकड्या लावलेल्या. काउंटरवर साठीचे काका, मूळचे माळशिरसकडचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सॉव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे एक व्हाईट वाईन, मागितली तर त्यांनी आतून दोन बाटल्या आणल्या, एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरली, मान वाकडी करून आतला रंग बघितला आणि एक बाजूला ठेवून दिली. "ही नको ताई, पिवळी पडलीय. हिला परत पाठवतो." मी विचारलंच नव्हतं! नंतर एकदा रेड घेतली तेव्हा त्यांनी बाटलीच्या गळ्यावर बुचाभोवती असतं ते पातळ आवरण दोन बोटांत धरून हलकंच फिरवून बघितलं. म्हणाले, सहज फिरलं तर बरं, चिकटून बसलं असेल तर बहुतेक आतून गळलीय आणि साखर धरलीय. आणि वरून अंगठा फिरवायचा, बूच वर उचललेलं लागलं तर बाटली उन्हात तापलीय समजायचं. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी हे दोन्ही करते, लोक बघतात, बघू देत.

त्यांच्याकडे वाईन वरच्या फळीवर नाहीच. मागच्या खोलीत, फरशीला लागून, खोक्यातच आडव्या ठेवलेल्या. जमीन गार राहते आणि बूच ओलं राहतं, एवढं साधं आहे ते, त्याला एसी आणि लाकडी रॅक लागत नाही. काउंटरवर फक्त एकेक बाटली दाखवायला, आणि ती बाटली ते विकत नाहीत, हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं. एकदा मे महिन्यात गेले तर म्हणाले, "पांढरी आज घेऊ नका, कालच्या मालाचा टेम्पो दिवसभर उन्हात उभा होता. सोमवारी दुसरा येतोय, थांबता येत असेल तर थांबा." मी थांबले. हजाराच्या आसपासचं गिऱ्हाईक त्यांनी तसंच परत पाठवलं, आणि त्या एका वाक्यामुळे मी आता दुसरीकडे जात नाही.

साल बघायचं कसं तेही त्यांच्याकडूनच शिकले. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतात, आपल्या नाशिककडे जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीत पिकतात म्हणून. म्हणजे लेबलवर जे साल असतं ना ती द्राक्षं त्या वर्षाच्या अगदी सुरुवातीलाच निघालेली असतात, तेव्हा वर्षाच्या शेवटी बाटली घेताना ती जवळपास एक वर्षाची झालेली असते. आपल्या साध्या व्हाईट वाईन्स ठेवायच्या नसतातच, एक-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या. सुला कंपनीने 2000 साली नाशिकच्या सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ बाजारात आणल्या, आणि आजही मला रोजच्या जेवणाला त्याच दोन आवडतात, पण ताज्या असतील तरच. रेडमध्ये काका अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीच्या वाईनकडे बोट दाखवतात, आपल्या तालुक्यातली म्हणून थोडा अभिमान असणारच, पण वाईन खरंच चांगली आहे, सांजोवेसे नावाचं इटलीचं द्राक्ष त्या लोकांनी माळशिरसच्या रानात लावलं आणि ते तिथे रुजलं याचं मला फार अप्रूप वाटतं. पुणे जिल्हा पण मागे नव्हता, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच पद्धतीने स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी, वाईन काढली होती, ओमर खय्याम नावाने ती परदेशात जायची. काकांनी त्या बाटल्या विकल्यात. त्याबद्दल बोलायला लागले की गिऱ्हाईक खोळंबतं.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते. जाळीसमोरच्या गर्दीत उभं राहायचं म्हणजे काय असतं ते प्रत्येकीला माहितीये, कोणी धक्का मारतं, कोणी नुसतं बघतं, आतला पोरगा आधी सगळ्या पुरुषांना देतो मग "हां मॅडम बोला". इथे तसं कधीच झालं नाही. काका नंबराने देतात, आणि बाटली पेपरात गुंडाळायची का ते विचारतात, आपणहून काळ्या पिशवीत कोंबत नाहीत. मी नको म्हणते, कापडी पिशवीत भाजीबरोबर घरी आणते. 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय घेतला होता, मग विरोध झाला आणि ते बारगळलं, तेव्हा मला वाटलं होतं बरं झालं असतं, निदान किराणा घेता घेता शांतपणे लेबल वाचता आलं असतं. आता वाटतं नुसती जागा देऊन उपयोग नाही, त्या पिवळ्या दिव्यांसारखंच झालं असतं.

दुकानात काय नाही तेही सांगते. परदेशी वाईन जवळपास नाहीच, एखादी ऑस्ट्रेलियन रेड असते ती मी घेत नाही, एवढ्या लांबून कशी आलीय कोण जाणे. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, कधी असते कधी नसते. पण 375 मिलीची अर्धी बाटली हमखास ठेवतात, आणि एकट्या माणसाला किंवा दोघांना जेवणाबरोबर तेवढीच बरोबर पुरते, उरलेली चार दिवस फ्रीजच्या दारात शिळी होत नाही. पैसे एमआरपीनेच, गार बाटलीचे वरचे दहा रुपये मागत नाहीत.

बाहेरगावी गेलं की मी हेच सगळं तपासते. बंगळुरूला मधुलोकासारख्या दुकानात आत शिरून बाटल्या हातात घेऊन बघता येतात, ते सुख पुण्यात अजून फार कमी ठिकाणी आहे. दिल्लीत 2022 च्या सप्टेंबरपासून परत सगळी सरकारी दुकानं झाली, तिथे जो माल समोर आहे तोच. बाकी मोठ्या शहरात हॉटेलवाल्याला विचारू नका, तो भारीतलीच जागा सांगतो. रिक्षावाल्याला विचारा की इथलं सगळ्यात जुनं दुकान कुठलं, आणि तिथे दुपारी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

आता बार. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरला वाईन मिळते, नाही असं नाही, पण मला तिथे जे भेटलं ते असं: बारा पानांचं मेन्यू कार्ड, घागरीएवढा ग्लास, त्यात तळाला चार घोट, आणि रेड वाईन काढ्यासारखी कोमट. मी वेटरला म्हटलं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून आणा, तर तो म्हणाला मॅम, रेड रूम टेम्परेचरलाच देतात. अहो, ते रूम टेम्परेचर युरोपातल्या खोलीचं, सोळा ते अठरा डिग्री! पुण्यात उन्हाळ्यात खोली पस्तिशीची असते. बाटली कधी उघडली तेही कोणाला सांगता येईना. एका ग्लासचे सहाशे रुपये दिले आणि अर्धा सोडला.

कॅम्पातली जागा म्हणजे आपली नेहमीची परमिट रूम. एमजी रोडच्या मागच्या गल्लीत, खाली बार, लाकडी जिन्याने वर गेलं की फॅमिली सेक्शन, सनमायकाची टेबलं, भिंतीवर पंखे, टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट. ग्लासने मिळणाऱ्या वाईन तीनच, दोन व्हाईट, एक रेड. पण बाटली फ्रीजमधून काढून तुमच्यासमोर आणतात आणि तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने तारीख लिहिलेली असते. पहिल्यांदा ते बघितलं आणि मी त्या वेटरकाकांकडे बघतच राहिले. म्हणाले, "रविवारी उघडलीय ताई, आज मंगळवार. चालेल का? नाहीतर नवीन फोडतो." आमच्या शेठने सवय लावलीय म्हणाले, चौथ्या दिवशी उरलेली किचनमध्ये जाते. रेड पण फ्रीजमधलीच, ती ते आधीच काढून ठेवतात, आपण मसाला पापड खाईपर्यंत बरोबर होते. ग्लास म्हणाल तर जाड काचेचे बुटके, पाण्याचे असतात तसे. मला काही फरक पडत नाही. मापाने दीडशे मिली ओततात, म्हणजे एका बाटलीचे पाच ग्लास, हिशोब सरळ.

खायला तिथे सुरमई फ्राय आणि चिकन सुकं, दोन्ही चांगलं झणझणीत. इथे एक गोष्ट माझ्या जिभेने मला शिकवली की झणझणीत जेवणाबरोबर कडक रेड घेऊ नये. रेडमध्ये टॅनिन असतं, म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते ना तो तुरटपणा, त्याच्यात तिखट मिसळलं की नुसती आग होते आणि वाईन कडू लागते. शेनिन ब्लाँला थोडा गोडवा असतो, ती सुरमईच्या मसाल्याबरोबर इतकी छान जाते, वरून लिंबू पिळलं तर अजून. माझा नवरा बिअरवाला, 2009 साली डूलाली नावाच्या ब्रुअरीने पुण्यातच कोरिंथियन्स क्लबमध्ये बिअर बनवायला सुरुवात केली तेव्हापासून तो बाटलीतल्या बिअरला नावं ठेवतो, पण त्या सुरमईबरोबर आता तो पण एक ग्लास शेनिन मागवतो.

तक्रार एकच, जिना. माझी आई आली होती गुडघे धरून चढली, खाली बसायला बायकांसाठी जागा नाही, शेठना सांगितलंय. आणि पार्किंग कॅम्पात कुठे असतं, पीएमटीने या, प्यायल्यावर गाडी चालवायचीच नाहीये.

दुकानात जायचं तर सकाळी साडेअकराच्या सुमाराला जा किंवा दुपारी चारला. सात ते नऊ काकांना मान वर करायला वेळ नसतो, शनिवारी तर अजिबातच. अनंत चतुर्दशी आणि इतर ड्राय डे आधी बघून ठेवा. वयाचं पण लक्षात ठेवा, महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला एकवीस, बाकी दारूला पंचवीस, माझ्या भाच्याला काकांनी आधार कार्ड मागितलं होतं आणि मला ते आवडलं.

परवा गेले होते, त्याच मैत्रिणीच्या एक्केचाळिसाव्यासाठी. काकांनी मागच्याच सालची सॉव्हिन्यों ब्लाँ उजेडात धरून दाखवली, पाण्यात लिंबाचे दोन थेंब पडल्यासारखा रंग. खोक्यातून दुसरी काढली, ती पण धरली. दोन्ही घेऊन आले.