बफीच्या त्या हसण्यानंतर काय? 'सीझन एट'चा पहिला अंक

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही व्हॅम्पायरांना मारणाऱ्या मुलीची टीव्ही मालिका मे 2003 मध्ये संपली. अख्खं सनीडेल गाव जमिनीत गडप झालंय, बफी त्या खड्ड्याच्या काठावर उभी आहे, आणि धाकटी बहीण डॉन विचारते, आता काय करायचं? बफी बोलत काहीच नाही. हलकंसं हसते, की संपलं. त्या हसण्यावर मी जवळजवळ चार वर्षं काढली.

त्यामुळे मार्च 2007 मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशनाने मालिकेची गोष्ट पुढे नेणाऱ्या 'सीझन एट' या कॉमिकचा पहिला अंक काढला, तेव्हा मला डॉनच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ते सुरुवातीलाच मिळतं. जग बदललं की ते वेगळंच होऊन बसतं, असं बफी मनाशी म्हणते आणि आपल्या तुकडीला घेऊन हेलिकॉप्टरमधून उडी टाकते. मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन यानेच हा अंक लिहिलाय, आणि बफीचा तो सूर कानाला लगेच ओळखू येतो. मालिकेत तिच्या मनातलं आपण तिच्या चेहऱ्यावरून ताडायचो. इथे ते चौकटीत लिहून येतं. मला आधी ते खटकलं, पण दोन-चार पानांत सवय झाली.

मालिकेच्या बजेटमध्ये कधी बसलं नसतं असं बरंच काही इथे आहे. स्कॉटलंडमधला किल्ला आहे, जगभर पसरलेल्या, बफीसारखीच ताकद असलेल्या 1800 स्लेयर मुली आहेत, आणि त्यातल्या जवळपास 500 बफीच्या बरोबर काम करतायत. बफीचा जुना मित्र झँडर पडद्यांसमोर बसून तुकड्यांना सूचना देतोय, एका डोळ्यावर पट्टी. हाच मुलगा शाळेत असताना सगळ्यांसाठी डोनट आणायचा! त्याला त्या खुर्चीत बघून मला खरंच भरून आलं. आणि 'एंजल' या 'बफी'तूनच निघालेल्या मालिकेच्या पाचव्या सीझनमध्ये रोमला पाठमोरी दिसलेली बफी तोतया होती, हे इथे सहज बोलता बोलता कळतं. कित्येक दिवसांचा सल गेला माझा.

पण या अंकाचा जीव आहे डॉनमध्ये. ती राक्षसाएवढी मोठी झालीय. बफी तिच्यापुढे बाहुलीएवढी दिसते आणि मान वर करकरून तिच्याशी बोलते. हे कसं झालं ते डॉन सांगत नाही. बफीची मैत्रीण विलो, तिला सांगेन म्हणते. बस, एवढंच! बफीला ते किती लागलं असेल, हे मी सांगू शकते, कारण माझीही धाकटी बहीण आहे आणि एक वर्ष असं गेलंय की तिची प्रत्येक गोष्ट मला तिच्या मैत्रिणीकडून कळायची. समोर बसलेली असायची, पण हाताला लागायची नाही. व्हीडनने त्या अंतराला थेट उंची दिली. पुढे बफीला आईची आठवण येते, तिथे मी अंक मिटून थोडा वेळ गप्प बसले.

जो चेनचं मुखपृष्ठ रंगवलेल्या चित्रासारखं, चेहरा हुबेहूब. आतली चित्रं जॉर्ज जिंटीची. तो नटनट्यांचे चेहरे गिरवत बसत नाही. खांद्यांची ठेवण आणि भुवया पकडतो, आणि माणूस ओळखू येतो. झँडर आणि बफी त्याला छान साधलेत. तुकडीतल्या नव्या मुली मात्र पहिल्या वाचनात मला वेगवेगळ्या ओळखता आल्या नाहीत. त्यांना दोन वाक्यं जास्त मिळायला हवी होती.

लष्कराचा भाग मला पातळ वाटला. जनरल येतो, धमकावल्यासारखं बोलतो, सनीडेलच्या खड्ड्यात माणसं उतरवतो. तिथे शेवटी जी सापडते तिचं नाव मी सांगत नाही, पण मालिका न बघितलेल्याला ते पान अगदी कोरडं जाईल. मी तर ओरडलेच. म्हणूनच मालिका पाहिली नसेल तर सुरुवात इथून करू नका. पाहिली असेल, तर सातव्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघा आणि लगेच हा अंक उघडा. 'द लाँग वे होम' ही पहिली कथा चार अंकांची आहे. विलो या अंकात नाही, तेव्हा दुसरा हाताशी असू द्या.