लाईव्ह डेटाच्या नावाखाली प्रोजेक्ट सेंटरने माझे 18 हजार घेतले

नागपुरात एमएससी किंवा एमबीएचं शेवटचं सेमिस्टर चालू असेल अन् कोणी "खऱ्या कंपनीचा डेटा देतो, ॲनालिटिक्सचा प्रोजेक्ट होऊन जाईल" म्हणत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा प्लीज.

आमच्याकडे प्रोजेक्ट कंपनीच्याच डेटावर लागतो. मी महिनाभर फिरले, सदर, धरमपेठ, पार हिंगणा एमआयडीसीपर्यंत, सगळीकडे एकच उत्तर, डेटा बाहेर देत नाही. मग एका सीनियरने बर्डीवरचं एक सेंटर सांगितलं. तिथले सर बेटा बेटा करून बोलायचे, म्हणे इथल्याच एका ब्रॉडबँडवाल्याचा डेटा आहे, कोणते ग्राहक कनेक्शन सोडून जातात ते काढायचं, डेटा कंपनीनेच दिला असं कंपनीचं लेटर पण देतो. आधी 10 हजार, फाईल मिळाल्यावर 8, सगळं यूपीआयने आणि तेही भलत्याच माणसाच्या नावावर. पावती मागितली तर नंतर देतो बेटा. बाबांनी ऑटोच्या कामासाठी ठेवलेले पैसे होते ते.

फाईलमध्ये 7043 ओळी, 21 कॉलम. काम मी स्वतः केलं, रात्री जागून. पण प्री-व्हायवाला (तोंडी परीक्षेच्या आधीच्या तपासणीला) गाईड मॅडम म्हणाल्या, पेमेंट मेथड वाच. मी वाचलं, इलेक्ट्रॉनिक चेक, मेल्ड चेक, बँक ट्रान्सफर, क्रेडिट कार्ड. "नेटचं बिल पोस्टाने चेक पाठवून नागपुरात कोण भरतं गं? अन् यूपीआय कुठाय?" माझे हातपाय गार पडले. त्याच कॉलमचा चार्ट मी रिपोर्टमध्ये लावला होता.

मॅडमनी कॅगलवरची (ही फुकट डेटा मिळणारी वेबसाइट) आयबीएमची टेल्को चर्नची, म्हणजे टेलिकॉम कंपनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांची, सरावाची फाईल उघडली. तीच! तेवढ्याच ओळी, टोटल चार्जेसमध्ये त्याच 11 जागा रिकाम्या. सेंटरवाल्याने कस्टमर आयडी बदलून पुढे नागपूरचं एनजीपी लावलं अन् मंथली चार्जेसला 10 ने गुणलं, 18.25 चे 182.5 रुपये. जी फाईल कोणीही फुकटात डाउनलोड करून शिकतं तिचे माझ्याकडून 18 हजार घेतले. कोण सोडून जाणार याचे माझे 80 टक्के अंदाज बरोबर आले (ॲक्युरसी) म्हणून आनंद झाला होता, तर या डेटात कोणीच सोडून जाणार नाही असं सरसकट म्हटलं तरी 73 टक्के येतात, तेही त्याच दिवशी कळलं.

फुकटचा डेटा वापरणं गुन्हा नाही, तसं सांगून वापरायचा. पण मी खोटं लेटर जोडलं असतं तर उद्या डिग्रीवर बोट आलं असतं, आणि सही माझी होती, त्यांची नाही. लेटरवरचा जीएसटी नंबर मोजला तर 14 अक्षरं, असतात 15. हे पैसे द्यायच्या आधी मोजता आलं असतं, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहता आलं असतं.

पैसे परत मागितले तर लेखी काही आहे का विचारलं अन् नंबर ब्लॉक केला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते, तोवर खात्यात काय राहणार. तुमच्यासोबत झालं तर त्याच तासात फोन करा.

मॅडमनी नव्या डेटावर प्रोजेक्ट करायला सहा आठवडे दिलेत. मामाच्या इतवारीतल्या किराणा दुकानाची दोन वर्षांची बिलं टाईप करतेय, अर्ध्या बिलांवरची तारीख पुसलेली आहे. त्या सेंटरला पैसे दिलेले अजून कोणी असाल तर चॅट अन् यूपीआयचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, मी सोमवारी परत पोलीस ठाण्यात जाणार आहे, सोबत चला.