ग्राहक पंचायतीचे मासिक वाटप : किराण्याचा खर्च नेमका कुठे वाचतो

महिन्याचा किराणा स्वस्तात कुठे मिळेल, या प्रश्नाला आज बहुतेक जण सुपरमार्केटचे किंवा घरपोच माल देणाऱ्या एखाद्या ॲपचे नाव सांगतात. मुंबई ग्राहक पंचायतीची वाटप व्यवस्था त्यामानाने जुनी आणि थोडी कष्टाची. मात्र १९७५ साली स्थापन झालेल्या या स्वयंसेवी संस्थेची सभासद म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, बांधलेल्या पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी याहून चांगली सोय सापडणे कठीण आहे.

पद्धत अशी आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येक घराने पुढच्या महिन्याला लागणाऱ्या वस्तूंची मागणी आधी नोंदवायची आणि सगळ्या संघांची मागणी एकत्र करून संस्थेने माल घाऊक प्रमाणात खरेदी करायचा. ठरल्या दिवशी माल संघातल्या एकाच्या घरी उतरतो. आमच्या संघात त्या दिवशी दिवाणखान्यातले सामान भिंतीला सरकवून तूरडाळ, साखर, रवा, पोहे, शेंगदाणे यांची पाकिटे ओळीने मांडली जातात. एक जण यादीतून आडनाव आणि नग वाचतो, दुसरी त्या घराची पिशवी भरते आणि तिसरी शेवटी ताळा घेते. दुकानाचे भाडे, जाहिरात, सजावट आणि मधल्या व्यापाऱ्याची दलाली यांपैकी बराचसा खर्च या व्यवस्थेत मुळातच उभा राहत नाही, कारण वाटपाचे काम सभासद स्वतः करतात.

भावाची तुलना करताना एक पथ्य पाळावे लागते. सुपरमार्केटमधली ‘एमआरपीवर इतके टक्के सूट’ ही पाटी फारशी उपयोगाची नसते, कारण एमआरपी ही विक्रीची कमाल मर्यादा असते आणि तीच मुळात चढी छापलेली असली, तर मोठी सूट देऊनही वस्तू महागच पडू शकते. तुलना करायची ती प्रतिकिलो दराची. खाद्यतेलाच्या बाबतीत तर हे अगदी डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते आणि त्याच्या शेजारी जवळजवळ त्याच आकाराची ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते. दोन पिशव्यांच्या किमतीत आठ-दहा रुपयांचा फरक दिसला, की आपण स्वस्त समजून कमी तेल घरी आणतो. हा हिशेब मांडल्यावर पंचायतीचे भाव बहुतेक वस्तूंत समाधानकारक ठरतात. काही वस्तू मोठ्या साखळी दुकानांत त्याहून स्वस्त मिळतात, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही माझ्या घरातली खरी बचत मागणी आधी नोंदवण्याच्या सक्तीतून झाली आहे. यादी करायची म्हणजे डबे उघडून पाहावे लागतात. साबुदाणा अर्धा किलो शिल्लक आहे, चणाडाळ गेल्या महिन्याची तशीच आहे, हे तेव्हाच कळते. दुकानात ढकलगाडी घेऊन फिरताना ‘एकावर एक मोफत’ म्हणून जी बिस्किटे, सॉस आणि नूडल्स गाडीत पडतात, त्यांना या यादीत शिरायला वावच नसतो.

व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि त्या लहान नाहीत. ब्रँडची निवड मोजकी असते. अचानक पाहुणे आले, तर वाण्याकडे जावेच लागते. वाटपाच्या दिवशी कुणीतरी घरी असणे गरजेचे असते, आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घरांना ते जड जाते. आमच्या संघात निवृत्त मंडळींनी हा भार उचलला नसता, तर काम अवघड झाले असते. या मंडळींच्या श्रमाचे मोल कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून ते इथे आवर्जून नोंदवते.

वर्षाचे धान्य भरणाऱ्यांनी गव्हाचा विचार मात्र वेगळा करावा. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या गहू, तांदूळ आणि डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे; सुट्या धान्यावर तो नाही. त्यामुळे उन्हाळ्यात नवा लोकवन बाजारात आला की ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडून सुटा गहू घेणे, तो निवडून, कडक ऊन देऊन कोठीत भरणे आणि महिन्याला लागेल तसा गिरणीतून दळून आणणे, हे ज्यांच्या घरात जागा आहे त्यांना आजही परवडते.

चार-पाच माणसांच्या, रोज दोन्ही वेळ स्वयंपाक होणाऱ्या घराने या संघात जरूर सामील व्हावे. एकट्याने राहणाऱ्या किंवा बरेचदा बाहेर जेवणाऱ्या व्यक्तीला मात्र महिन्याच्या मागणीचा व्याप झेपण्याजोगा नाही. तिने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेराच्या मापाने आणणेच बरे.