पॉलिमर क्लेच्या नावाखाली विकली जाणारी हवेत वाळणारी क्ले

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी कानातले घडवायचे होते, म्हणून समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याकडून मी ‘इम्पोर्टेड पॉलिमर क्ले, सुटी, अर्ध्या भावात’ मागवली. पैसे यूपीआयने आगाऊ घेतले गेले. आले ते पारदर्शक पिशव्यांतले रंगीत गोळे. त्यांवर ना कंपनीचे नाव, ना बॅच क्रमांक, ना भाजण्याचे तापमान. फिमोसारख्या नावाजलेल्या ब्रँडच्या पॉलिमर क्लेच्या ५७ ग्रॅमच्या वडीवर ११० अंश सेल्सियस आणि ३० मिनिटे ही सूचना ठळक छापलेली असते.

पॉलिमर क्ले म्हणजे मुख्यतः पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्ये. ती रात्रभर उघडी राहिली तरी मळता येते आणि ओव्हनच्या उष्णतेनेच पक्की होते. माझ्याकडे आलेले गोळे मात्र हाताला कापसासारखे हलके लागत होते, आणि कापून ठेवलेल्या पाकळ्यांच्या कडा सकाळपर्यंत आपोआप ताठ झाल्या. भाजल्यावर त्या फुगल्या, त्यांना भेगा पडल्या, आणि एक तुकडा वाटीभर पाण्यात ठेवला तर त्याचा चक्क लगदा झाला. म्हणजे ती हवेत वाळणारी क्ले होती.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा ‘तुमच्या ओटीजीचे तापमान कमी आहे, १८० वर भाजा’ असे उत्तर आले. फसवणुकीची खरी मेख इथेच आहे, कारण या कलेत नवख्यांच्या हातून क्ले करपणे किंवा कच्ची राहणे नेहमीचेच असल्याने दोष स्वतःच्या ओव्हनचाच असणार असे कोणालाही सहज पटते. शिवाय क्ले खरी असती तर हा सल्ला अधिकच घातक ठरला असता, कारण इतक्या उष्णतेत पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. पुढच्या संदेशात ‘उघडलेले पाकीट परत घेत नाही’ असे कळवून त्याने मला ब्लॉक केले.

सुटी क्ले घेणे भागच असेल, तर संपूर्ण रक्कम देण्यापूर्वी नमुन्याचा छोटा तुकडा मागवावा, त्यातला थोडा रात्रभर उघडा ठेवावा, थोडा भाजून पाण्यात बुडवावा. पाकीट उघडतानाचे चित्रीकरण, व्यवहाराची पावती आणि सर्व संभाषण जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार केली तेव्हा हेच उपयोगी पडले. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. तीच छायाचित्रे आणि तोच ‘सुटी, अर्ध्या भावात’ हा मजकूर सध्या दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसतो आहे.