पहिली एमटीबी फ्रेम घरी बांधायची, तर पितळ, आर्गन की वेळू?

एमटीबीची, म्हणजे माउंटन बाइकची, फ्रेम घरी बांधायचं मनात आलं की माणूस आधी विचारतो, खर्च किती? मग विचारतो, वजन किती भरेल? मला वाटतं, विचारायचं ते वेगळंच: माझा हात चुकणार आहे, तर कुठल्या पद्धतीत ती चूक मला स्वतःला निस्तरता येईल? पुण्यात इमारतीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात काम करून मी दोन फ्रेमा बांधल्या. पुढे जे लिहिलंय ते त्या दोन फ्रेमांच्या चटक्यांवरून.

इथे बोलतोय ते हार्डटेलबद्दल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीबद्दल. पुढे १२० मिलिमीटरचा सस्पेन्शन चिमटा (फोर्क), २९ इंची चाकं, मागे डिस्क ब्रेक. चिमटा विकतच घ्यायचा. मागच्या सस्पेन्शनची फ्रेम पहिल्या फटक्यात करायला जाऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम आधीच बाजूला काढतो. ६०६१-टी६ मिश्रधातूच्या नळ्या मिळतील, जोडणारेही मिळतील. पण जोडताना सांध्याशेजारच्या धातूची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायला अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवायची, पाण्यात विझवायची आणि पुन्हा काही तास भट्टीत ठेवायची. कारखान्यात हे रोज होतं. घरी होत नाही. उरल्या तीन वाटा: पोलादाला पितळेने जोडणं, पोलादाला आर्गनने (नळीच वितळवणारं वेल्डिंग) जोडणं, आणि वेळू.

वाट कुठलीही धरा, अडणार चेनस्टेपाशी

नवखा माणूस पुढचा त्रिकोण रंगवत बसतो: रीच (पुढची लांबी) ४५०, हेड अँगल (पुढच्या नळीचा कल) ६६ अंश वगैरे. ते तितकं अवघड नाही. खरी कुस्ती बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलांचा आस फिरतो ती जागा) मागे चार बोटांवर होते. हिशोब मांडून बघा. चेनस्टे (बीबीपासून मागच्या आसाकडे जाणारी नळी) ४३५ मिलिमीटर धरला आणि २.४ इंची टायरची त्रिज्या साधारण ३७०, तर बीबीच्या मध्यापासून टायरच्या कडेपर्यंत उरले ६५. बत्तीस दात्यांच्या चेनरिंगची (पेडलांजवळचं दातेरी चक्र) त्रिज्याही तेवढीच, ६५ च्या आसपास. टायर ६१ रुंद, दोन्ही बाजूंना चिखलासाठी सहा-सहा सोडले की झाले ७३, म्हणजे अख्ख्या बीबी शेलची (बीबी बसतं त्या नळकांड्याची) रुंदी. आता टायर आणि चेनरिंगच्या मधून एक नळी न्यायची आहे. नेणार कुठून?

पोलादाची नळी इथे वाकवता येते, व्हाइसमध्ये दाबून खळगा पाडता येतो, किंवा तेवढ्या जागी सपाट जाड पट्टी लावता येते. वेळूला यातलं काहीच चालत नाही. त्याचं पुढे बघू.

म्हणून मागचा भाग खऱ्या मापात कागदावर काढा. सॉफ्टवेअर वापरलंत तरी काढा. मी काढला नव्हता. पहिल्या फ्रेमला २.३५ चा टायर घासायला लागला आणि ती फ्रेम अजून २.१ वर फिरते.

पितळ: हळू, पण समजूतदार

आपल्याकडे गॅस वेल्डिंगवाले याला पितळेचं वेल्डिंग म्हणतात. खरं तर वेल्डिंग नाहीच ते, कारण नळी वितळत नाही. पितळेची काडी सुमारे ८८० ते ९०० अंशांना वितळते, पोलाद १४०० च्या वर. मधल्या या फरकावर शिकाऊ माणूस तरून जातो. एखाद्या जागी पितळ कमी बसलं? पुन्हा तापवा, भरा. गोलाई बेढब आली? कानशीने घासून काढा. टॉम रिची यांनी १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ज्या माउंटन बाइक बांधल्या, त्यांचे सांधे असेच पितळ भरून, घासून गुळगुळीत केलेले होते. पद्धत जुनी आहे, कच्ची नाही.

ऑक्सिजनबरोबर अ‍ॅसिटिलीनच हवा असं नाही, एलपीजीवरही काम होतं. ज्योत मऊ असते, हाताला वेळ मिळतो. मात्र सिलिंडर व्यावसायिक घ्या. स्वयंपाकघरातली लाल टाकी खाली आणून या कामाला वापरणं बेकायदा आहे आणि सोसायटीत भांडण होईल ते वेगळं.

धोके दोन. फ्रिज-एसीवाले वापरतात ती चांदीची काडी कमी तापमानाला वाहते, छान वाटते, पण काही काड्यांत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर विषारी. काडी कॅडमियमविरहित असल्याचं वेष्टनावर वाचल्याशिवाय पेटवू नका. दुसरं, सरावालासुद्धा जीआय (जस्त चढवलेला) पाइप नको. जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो.

त्रास आहे तो वेळेचा. एकेक सांधा घासायला मला अख्खी संध्याकाळ लागायची. शिवाय काचेसारखा घट्ट झालेला फ्लक्स (जोडताना धातू स्वच्छ ठेवायला लावतात तो) गरम पाण्यात भिजवून काढावा लागतो. आत राहिला तर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

आर्गन: सुंदर, आणि निर्दय

टिग वेल्डिंगला वर्कशॉपमध्ये सगळे आर्गनच म्हणतात. स्वच्छ, झटपट, घासाघीस नाही. बाजारातल्या बहुतेक पोलादी फ्रेमा आज याच पद्धतीने होतात. पोलादासाठी डीसी मशीन पुरतं आणि ते घरच्या विजेवर चालतं.

पण चांगल्या क्रोमोली (फ्रेमसाठी वापरतात ते मिश्र पोलाद) नळीची जाडी टोकांना ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.५-०.६ असते. तिथे हात क्षणभर थांबला की भोक. सांध्यात फट राहिली तरी भोक. पितळ थोडी फट पोटात घेतं, आर्गन घेत नाही. म्हणजे नळीचं तोंड कानशीने इतकं नेमकं घडवावं लागतं की उजेडासमोर धरल्यावर फट दिसू नये.

"मी फक्त तोंडं घडवतो, जोडायला आर्गनवाल्याकडे देतो" हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. ज्यांच्याकडे दिली ते स्टीलच्या रेलिंगमध्ये हुशार होते. डाउन ट्यूबला (पुढून बीबीकडे उतरणारी नळी) दोन भोकं पडली, ती भरताना सांधा ओढला गेला आणि मागचं चाक तिरकं बसलं. दोष त्यांचा कसला? दीड मिलिमीटरच्या पाइपवर बसलेला हात तो. द्यायचंच असेल तर पातळ पत्र्याचं काम रोज करणारा माणूस शोधा आणि आधी त्याच नळीचा तुकडा जोडून आणायला सांगा. तुकडा व्हाइसमध्ये धरून मोडून बघा.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ज्या सांध्यात पितळ गेलं, तिथे नंतर आर्गन चालत नाही. पितळेतलं वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि तडा जातो. आर्गनने टाके मारून वर पितळ भरलेलं चालतं. उलटं नाही.

वेळू: आग नको, पण घाईही नको

चौथ्या मजल्यावर राहता, टाक्या वर नेता येणार नाहीत? मग वेळू. १८९४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात वेळूच्या सायकली मांडल्या होत्या, तेव्हा हे कालचं खूळ नाही. कोकणातला माणगा बराचसा भरीव निघतो, तो चांगला. टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवून भुंग्याचा बंदोबस्त करायचा, मग महिनोन् महिने सावलीत वाळवायचा. घाई केलीत तर फ्रेम झाल्यावर उभी चीर जाते.

सांधे जवसाच्या किंवा भांगेच्या धाग्याने, इपॉक्सीत भिजवून गुंडाळायचे. हेड ट्यूब (चिमट्याचा दांडा बसतो ती पुढची नळी), बीबी शेल, सीटपोस्टची नळी आणि ड्रॉपआउट (मागचं चाक अडकतं त्या खाचा) धातूचेच. जुलैत इपॉक्सी लावू नका. दमट हवेत वर चिकट साय धरते आणि पुढचा थर नीट बसत नाही.

हत्यारांचा खर्च यात सगळ्यात कमी, काम शांत. शेजारीही येऊन कौतुक करतात. पण ते ६५ मिलिमीटर आठवा. जाड वेळू तिथे मावत नाही आणि बारीक घेतला तर माझा जीव धजत नाही. शिवाय गुंडाळीच्या आत काय सुटलंय ते बाहेरून दिसत नाही. वेताळ टेकडीवर रमतगमत फिरायला, गावच्या कच्च्या रस्त्यांना वेळू झकास. उड्या मारायच्या असतील तर माझं मत विरोधात.

मग मी काय घेईन?

पोलादी नळ्यांचा खर्च दोन्ही वाटांना सारखाच. पातळ बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळ्या इथल्या बाजारात सहज मिळत नाहीत, परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरून चाला. बीबीचे आटे पुन्हा काढणं आणि हेड ट्यूबची तोंडं समतल करणं, ही दोन कामं दुकानाकडे द्या. त्या दोन कामांसाठी हत्यारं विकत घेणं परवडत नाही.

आयुष्यात एकच फ्रेम बांधणार असाल आणि ती सह्याद्रीत चालवणार असाल, तर पितळ. चार-पाच बांधायची खुमखुमी असेल, रोज तासभर मशीनवर बसायची तयारी असेल, तर आर्गन शिका, पण पहिले दोन महिने नुसते तुकडे जोडा. आग लावायची सोय नसेल आणि उड्यांची हौसही नसेल, तर वेळू.

पोलादी फ्रेमला रंग फिका द्या, पांढरा किंवा पिवळा. हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबच्या सांध्याखाली केसाएवढी काळी रेघ, म्हणजे तडा, दिसली की त्या दिवशी सायकल घरी.